एका मिलीत किती?

सलाईनच्या थेंबांचं गणित जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सच्या, पहिल्याच वर्षी शिकवतात. एकूण मिली गुणिले सेटचे, म्हणजे सलाईनच्या नळीचे, एका मिलीतले थेंब, भागिले मिनिटं. परीक्षेत ते हमखास येतं आणि बहुतेक मुलींना येतंही. पण वॉर्डात औषधाची ड्रिप लावायची वेळ आली की त्याच मुली कागद-पेन घेऊन गप्प उभ्या राहतात. मीही तशीच उभी राहायची. माझं शिक्षण रत्नागिरी जिल्ह्यातलं, नोकरी तळकोकणातली, समुद्रापासून फार लांब नसलेल्या एका रुग्णालयातली. तिथल्या आमच्या इन्चार्ज बाईंनी मला हा हिशोब शिकवला. सूत्र त्यांनी कधी विचारलं नाही. त्या प्रत्येक वेळी एवढंच विचारायच्या, "अगो, एका मिलीत किती ते आधी सांग."

आता नव्या मुली माझ्या हाताखाली येतात तेव्हा मीही तिथूनच सुरुवात करते. मी हे कसं शिकत गेले ते त्यांच्यासाठी लिहून काढते आहे. खाली जे डोस येतील ते हिशोब समजावा म्हणून आहेत. रुग्णाला किती द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. ते बरोबर तेवढंच पोचवणं हे आपलं काम.

सुरुवात साध्या सलाईनपासून. आमच्याकडच्या नेहमीच्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली. बारीक थेंबांच्या मायक्रोड्रिप सेटचे ६० थेंब म्हणजे १ मिली. काही सेट १५ थेंबांचेही येतात, म्हणून पाकीट फाडून फेकायच्या आधी त्यावर छापलेला आकडा वाचायचा. ५०० मिलीची बाटली ४ तासांत द्यायची, तर तासाला १२५ मिली. २० थेंबांच्या सेटनं मिनिटाला ४२ थेंब. तीच बाटली ८ तासांत द्यायची तर मिनिटाला २१. बाईंनी इथेच पहिली गोष्ट दाखवली: २० थेंबांच्या सेटला तासाच्या मिलीला सरळ ३ नं भागायचं, कारण २० भागिले ६० म्हणजे एक तृतीयांश. मायक्रोड्रिपला भागायचंही नाही, तासाचे जेवढे मिली तेवढेच मिनिटाचे थेंब. सूत्र पाठ करण्यापेक्षा हे का होतं ते कळलं की रात्री तीन वाजताही आकडा चुकत नाही.

थेंब मोजायचे ते घड्याळ ड्रिप चेंबरच्या शेजारी धरून, दोन्ही एकाच नजरेत येतील असे. मी पूर्ण मिनिट मोजते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणाऱ्या सिस्टरही आहेत, पण तिथे एका थेंबाची चूक चार थेंबांची होते. शिवाय एकदा लावलेला वेग तसाच राहील असं धरून चालता येत नाही. पेशंट कुशीवर वळला, हात कोपरात दुमडला, बाटली रिकामी होत गेली, स्टँड वर-खाली झाला की थेंब बदलतात. म्हणून बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावून तिच्यावर तासांच्या खुणा करायच्या. दहा वाजता इथे, अकरा वाजता इथे. दारातून जातानासुद्धा कळतं, ड्रिप मागे आहे की पुढे.

आमच्याकडे ही पट्टी आणखी एका कारणासाठी लागते. नातेवाईक विचारतात, "सिस्टर, ही बाटली कधी संपतली?" त्यांना गावाकडे जाणारी शेवटची एसटी पकडायची असते. ती चुकली तर रात्र व्हरांड्यात. मग आपण पाठ फिरवली की कोणीतरी हळूच नळीवरचा, थेंबांचा वेग ठरवणारा रोलर वर सरकवतं. त्यात वाईट हेतू नसतो. बाटली लवकर संपली की म्हातारा लवकर बरा होईल आणि गाडीही मिळेल, एवढंच त्यांच्या मनात असतं. त्यांच्यावर ओरडून काही होत नाही. मी आता बाटली लावतानाच पट्टी दाखवून सांगते, "ही खूण चारची. चारच्या आधी पाणी इथे आलं तर मला हाक मारा, जोरात गेलं तर छातीत पाणी भरतं." एकदा सांगितलं की तेच नातेवाईक पट्टीवर माझ्यापेक्षा बारीक नजर ठेवतात.

नुसत्या सलाईनचं एवढंच. त्यात औषध घातलं की प्रश्न बदलतो. आता पाणी किती जातं याला महत्त्व नाही, पाण्यातून औषध किती जातं याला आहे. बाईंनी मला हे आगळावरून, म्हणजे कोकमाच्या दाट रसावरून, समजावलं होतं. त्याच आकाराचा पेला, एकात चमचाभर आगळ आणि एकात अर्धा पेला. दोन्ही पेले भरलेलेच दिसतात, पण एक पिता येतो आणि दुसरा नाही. सिरिंज पंपावर, म्हणजे सिरिंजचा दट्टा ठरल्या वेगानं ढकलणाऱ्या यंत्रावर, 'तासाला ५ मिली' असा आकडा दिसतो तेव्हा तो फक्त पेल्याचा आकार असतो. आगळ किती, ते सिरिंज भरणाऱ्यानं लिहिलं तरच कळतं.

रक्तदाब वाढवणारं डोपामिन घेऊ. त्याचं अँप्यूल ५ मिलीचं, त्यात २०० मिलिग्रॅम. ते ५० मिलीच्या सिरिंजमध्ये घेतलं आणि ४५ मिली नॉर्मल सलाईन घातलं, तर ५० मिलीत २०० मिलिग्रॅम. एका मिलीत किती? ४ मिलिग्रॅम, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. हा आकडा आधी सिरिंजच्या लेबलवर लिहायचा, मग पुढचं बोलायचं.

आदेश असा: किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, वजन ६० किलो. इथे मुली एकदम मोठं सूत्र मांडतात आणि कुठेतरी ६० राहतो किंवा १००० चुकतो. मी तीन पायऱ्यांत करते आणि प्रत्येक पायरीला आकड्यासोबत तो कशाचा आहे तेही मोठ्यानं म्हणते. पहिली: या माणसाला एका मिनिटाला किती? ५ गुणिले ६०, ३०० मायक्रोग्रॅम. दुसरी: तासाला किती? ३०० गुणिले ६०, १८००० मायक्रोग्रॅम. तिसरी: एका मिलीत ४००० आहेत, तर १८००० साठी किती मिली? साडेचार. पंपावर ४.५.

मग उलटा हिशोब. हा भाग बाईंनी कधीही सोडू दिला नाही, आणि आज मला वाटतं की साऱ्या पद्धतीचा जीव यातच आहे. पंपावरच्या आकड्यापासून मागे जायचं: ४.५ मिली गुणिले ४००० म्हणजे १८०००, भागिले ६० म्हणजे ३००, भागिले वजन ६० म्हणजे ५. आदेश जुळला. पुढे जाताना झालेली चूक परत येताना सहसा तशीच राहत नाही, ती कुठेतरी उघडी पडते. दुसऱ्या सिस्टरला तपासायला सांगतानाही माझं उत्तर न सांगता सिरिंज आणि आदेश दाखवते. उत्तर आधी कानावर पडलं की समोरच्याचं डोकं त्याच दिशेनं चालतं.

यात एक आकडा मात्र कागदावर नसतो, वजन. आपल्याकडे कितीतरी केसपेपरवर वजनाचा रकाना कोरा किंवा डोळ्यांनी अंदाज करून भरलेला. वरचाच रुग्ण ६० ऐवजी खरा ४५ किलोचा निघाला, तर त्याच ४.५ मिलीत त्याला किलोमागे ५ ऐवजी ६.७ मायक्रोग्रॅम जातं. आमच्याकडे शेतात आणि होडीवर राबणारी, उंच पण काटक माणसं पुष्कळ. नुसतं बघून वजन सांगायला गेलं तर बहुधा जास्तच सांगितलं जातं. काट्यावर उभं करता येत असेल तर उभं करायचं. नसेल तर घरच्यांना विचारायचं, आणि 'अंदाजे' हा शब्द केसपेपरवर लिहायचा, म्हणजे पुढच्या ड्युटीला कळेल की हा आकडा अजून पक्का करायचा आहे.

भातकापणीच्या दिवसांत एका संध्याकाळी एक मुलगा आला. भाताच्या भाऱ्याखाली विंचू चावलेला. कोकणातला हा लाल विंचू दिसायला फार मोठा नसतो, पण त्याचं विष हृदयावर जातं. घामानं निथळणारं अंग, बर्फासारखे गार हातपाय, उलट्या, ही लक्षणं आमच्याकडच्या कुठल्याही सिस्टरला सांगावी लागत नाहीत. रायगड जिल्ह्यात आधी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडमध्ये राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीनं माणसं वाचवता येतात हे दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती गोळी आज खेड्यातल्या दवाखान्यातही मिळते, आणि या मुलालाही गावातच मिळाली होती. पण येईपर्यंत त्याला खोकला लागला होता, श्वास भरभर चालला होता, रक्तदाब उतरत होता. फुप्फुसात पाणी झालं होतं. ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन सांगितलं, किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम.

वजन? वयावरून अंदाज करायचं कोष्टक असतं, वयात ४ मिळवून दुपटीनं. पण काटा दोन पावलांवर होता. आईला मुलासकट उभं केलं, ६२. मग मुलाला वॉर्डातल्या मावशींकडे देऊन आईला एकटीला, ४८. मुलगा १४ किलोचा. कोष्टकानं तो, चार वर्षांचा म्हणून, १६ किलोचा निघाला असता. याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

डोब्युटामिनचं एक अँप्यूल ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं येतं, पण तेच २५० मिलिग्रॅम २० मिलीच्या व्हायलमध्येही येतं. मोठ्या माणसासाठी आम्ही २५० मिलिग्रॅम ५० मिलीत करतो, एका मिलीत ५ मिलिग्रॅम. या मुलाचा हिशोब: ५ गुणिले १४, मिनिटाला ७० मायक्रोग्रॅम. तासाला ४२००. एका मिलीत ५०००, म्हणजे तासाला ०.८४ मिली. उत्तर बरोबर आहे, पण पंपासाठी वाईट. इतक्या मंद वेगात सिरिंजच्या दट्ट्याचा ढिलेपणा निघायलाच वेळ जातो, आणि एक्स्टेंशन लाईनमध्येच मिली-दीड मिली मावतं. औषध मुलापर्यंत पोचायला तास गेला असता. म्हणून डॉक्टरांना विचारून पातळ केलं. ५ मिलीच्या अँप्यूलमधून १ मिली, म्हणजे ५० मिलिग्रॅम, आणि त्यात ४९ मिली सलाईन. आता एका मिलीत १ मिलिग्रॅम, १००० मायक्रोग्रॅम. दर तासाला ४.२ मिली. लाईन टोकापर्यंत औषधानं भरून घेतली, पंपाचं पर्ज बटण दाबून थेंब बाहेर पडताना पाहिला आणि मगच मुलाला जोडली.

तेव्हा लेबल लिहिताना मी ठळक लिहिलं: 'डोब्युटामिन ५० मिग्रॅ / ५० मिली, १ मिली = १ मिग्रॅ, वजन १४'. कारण ही सिरिंज संपल्यावर रात्रपाळीच्या सिस्टरनं सवयीप्रमाणे मोठ्यांची २५० वाली भरली असती आणि पंपावरचे ४.२ तसेच ठेवले असते, तर मुलाला पाचपट औषध गेलं असतं. पंपाला त्यातलं काहीच कळलं नसतं. तो ४.२ मिली अगदी इमानानं ढकलत राहिला असता. मुलाचा बाप दाराशी उभा होता. "झील वाचतलो मा, सिस्टर?" एवढंच तो दर थोड्या वेळानं विचारायचा. पहाटेपर्यंत त्याचे हातपाय गरम झाले, रक्तदाब धरला, आणि डॉक्टरांनी ड्रिप हळूहळू उतरवायला सांगितली. उतरवतानाही प्रत्येक टप्प्याचा आकडा मी आधी मायक्रोग्रॅममध्ये लिहिला आणि मग मिलीत.

सगळ्याच गोष्टींवर एवढं लिहायची गरज नाही, पण इन्सुलिनवर थांबायलाच हवं. आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल दोन ताकदींच्या असतात, मिलीला ४० युनिट आणि मिलीला १०० युनिट. सिरिंजही दोन. लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. ड्रिपसाठी ५० युनिट ५० मिली सलाईनमध्ये घेतो, म्हणजे एका मिलीत १ युनिट आणि तासाला ४ युनिट म्हणजे सरळ ४ मिली. सुंदर, सोपं. पण ते ५० युनिट ४० च्या व्हायलमधून १.२५ मिली होतात आणि १०० च्या व्हायलमधून फक्त अर्धा मिली. सव्वा मिलीची सवय असलेल्या हातानं १०० ची व्हायल उचलली तर सिरिंजमध्ये १२५ युनिट जातात. दुपारी फ्रिजमधली व्हायल बदललेली असते आणि संध्याकाळच्या सिस्टरला ते माहीत नसतं. म्हणून आमच्याकडे फ्रिजमध्ये दोन्ही व्हायल वेगवेगळ्या डब्यांत असतात, आणि ड्युटी बदलताना ओव्हर देताना 'आज ४० ची आहे' हे तोंडानं सांगायचं असतं. शिवाय इन्सुलिन प्लॅस्टिकला चिकटतं, म्हणून नवीन लाईनमधून सुरुवातीचे वीसेक मिली वाहू द्यायचे आणि मग जोडायची. नाहीतर पहिल्या तासात साखर उतरत नाही आणि सगळे मिळून दर वाढवत बसतात.

पोटॅशियमचाही असाच हिशोब. १५ टक्क्यांचं १० मिलीचं अँप्यूल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट, पोटॅशियम याच मापात मोजतात. ते थेट शिरेत कधीच द्यायचं नाही. ५०० मिलीत एक घातलं आणि तासाला १२५ मिली लावलं तर तासाला ५ मिलिइक्विव्हॅलंट जातं. लटकलेल्या बाटलीत घातलं तर बाटली उतरवून, उलटीसुलटी करून नीट मिसळायची. नाहीतर ते जड औषध तळाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशी, साचतं आणि आपण कागदावर केलेला सगळा हिशोब वाया जातो.

रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या लेबलवर औषधाचा क्षार (बिटार्ट्रेट) आणि मूळ औषध (बेस) असे दोन आकडे असू शकतात. २ मिलिग्रॅम बिटार्ट्रेट म्हणजे १ मिलिग्रॅम बेस. आदेश कुठल्या आकड्यावर दिलाय हे डॉक्टरांना विचारायचं. विचारायला लाजायचं नाही.

लेबर रूममधला हिशोब मला सगळ्यात आवडतो, कारण तिथे तो थेंबाथेंबानं दिसतो. कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचं ५ युनिटचं अँप्यूल ५०० मिलीत. ५ युनिट म्हणजे ५००० मिलियुनिट, एका मिलीत १०. सेट २० थेंबांचा, म्हणजे एका थेंबात अर्धा मिलियुनिट. मिनिटाला २ मिलियुनिटनं सुरू करायचं तर ४ थेंब. मग कळा आणि बाळाचे ठोके पाहत, अर्ध्या तासानं वाढवत न्यायचं. एकीनं बाटलीत ५ घातले आणि दुसरी १० चे समजून चालली, किंवा सेट बदलला, तर तेच ४ थेंब वेगळी गोष्ट सांगतात. लेबर रूममध्ये मी बाटलीवर युनिट, सेट आणि वेळ तिन्ही लिहिल्याशिवाय बाटली स्टँडला लावू देत नाही.

सर्पदंश हाही कोकणातल्या प्रत्येक सिस्टरचा विषय. सड्यावर, कातळावर, गवत कापताना फुरसं चावतं. प्रतिविषाच्या १० व्हायल, प्रत्येकी १० मिलीत विरघळवल्या की १०० मिली, त्यात २०० मिली सलाईन, एकूण ३०० मिली एका तासात. ३०० भागिले ३, मिनिटाला १०० थेंब. एवढ्या वेगात थेंब डोळ्यांनी नीट मोजता येत नाहीत, म्हणून बाटलीची पातळी बघायची, पंधरा मिनिटांत ७५ मिली उतरायला हवेत. पण पहिली काही मिनिटं हळू, पुरळ-खाज-धाप यावर नजर आणि अ‍ॅड्रेनलिन हाताशी भरून. मूल असलं तरी व्हायल कमी होत नाहीत, कारण सापानं विष मूल बघून कमी सोडलेलं नसतं. फक्त सलाईन वजनाप्रमाणे कमी करायचं, आणि मग थेंबही नव्यानं काढायचे.

पंप आल्यापासून पुष्कळांना वाटतं की आता थेंब मोजायची गरज राहिली नाही. आमच्याकडे जून-जुलैत वीज जाते, तासन् तास जाते. जनरेटर चालू होईपर्यंत पंप बॅटरीवर असतो, आणि जुन्या पंपाची बॅटरी किती टिकेल हे तो पंप वापरणाऱ्यालाच माहीत. म्हणून पंपावर औषध चालू असलं तरी त्याचा मायक्रोड्रिपचा आकडा मी लेबलवर खाली लिहून ठेवते. आणखी एक गोष्ट, पंप सुरू करताना तो सिरिंज कुठल्या कंपनीची ते विचारतो. ते चुकीचं निवडलं तर दर चुकतो, कारण सिरिंजची आतली रुंदी कंपनीगणिक वेगळी असते आणि पंप फक्त दट्टा किती सरकला तेवढंच मोजतो. भांडारातून नवीन कंपनीच्या सिरिंजा आल्या की हा बदल सगळ्यात आधी वॉर्डाला कळायला हवा. नळी दुमडून पंप ओरडला तर घाईनं क्लॅम्प सोडायचा नाही. आत साचलेला दाब आधी सिरिंजच्या बाजूनं काढायचा, नाहीतर तो सगळा एकदम शिरेत जातो.

गंभीर पेशंट आम्हाला कोल्हापूरला किंवा गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला पाठवावा लागतो. फोंडा घाटाच्या वळणांवर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये लटकलेली बाटली झोके घेते, थेंब कधी सलग धार होतात, कधी थांबतात. रक्तदाबाचं औषध त्या बाटलीतून पाठवायला माझा जीव धजत नाही. निघताना पंप पूर्ण चार्ज, पुढची सिरिंज भरून लेबल लावून तयार, आणि सोबतच्या सिस्टरच्या हातात तीन ओळींचा कागद: सिरिंजमध्ये काय आणि किती, एका मिलीत किती, आत्ता किलोमागे मिनिटाला किती चाललंय. नॉरअ‍ॅड्रेनलिनची सिरिंज संपल्यावर पुढची शोधत बसलं तर तेवढ्या वेळात रक्तदाब कोसळतो. घाटात गाडी थांबवून अँप्यूल फोडणं नको.

हा कागद का, ते एका रात्री नीट कळलं होतं. दुसऱ्या एका रुग्णालयातून आमच्याकडे पेशंट आला. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'डोपामिन ५ मिलीनं चालू'. सिरिंजवर काहीच नाही. २०० मिलिग्रॅम असेल, ४०० असेल, कोणाला माहीत? सोबत आलेल्या ब्रदरनाही माहीत नव्हतं, त्यांच्या हातात चालू पंप दिला गेला होता. फोन लागेना. शेवटी डॉक्टर बाजूला उभे राहिले, आमची सिरिंज नव्यानं भरली, रक्तदाब दर दोन मिनिटांनी घेत जुनी उतरवली आणि नवी चढवली. त्या पेशंटचं निभावलं. पण एका ओळीच्या लेबलनं ही धडपड वाचली असती. मिलीत दिलेला आदेश हा औषधाचा आदेशच नाही, असं मी तेव्हापासून उघडपणे म्हणते, आणि डॉक्टरांनी तोंडी 'पाचनं लाव' म्हटलं तर आदरानं पण विचारतेच, "सर, पाच मिली की पाच मायक्रोग्रॅम?" एकदाही कोणी त्याबद्दल रागावलेलं नाही.

लिहिण्याच्या सवयींनाही आम्ही वळण लावलं. मायक्रोग्रॅमचं ते ग्रीक अक्षर केसपेपरवर वापरायचं नाही, घाईत ते मिलिग्रॅमसारखं दिसतं आणि हजारपट फरक पडतो. युनिटसाठी नुसता इंग्रजी यू लिहायचा नाही, तो शून्यासारखा दिसतो. पूर्ण आकड्यानंतर दशांश आणि शून्य नको, अर्ध्याच्या आधी मात्र शून्य हवंच.

मग फिजिशियन सरांसोबत बसून आम्ही वॉर्डासाठी पातळ करण्याचं प्रमाण ठरवून टाकलं. डोपामिन २०० मिग्रॅ ५० मिलीत, डोब्युटामिन २५० मिग्रॅ ५० मिलीत, इन्सुलिन ५० युनिट ५० मिलीत. सही करून तक्ता औषधांच्या ट्रॉलीवर लावला. प्रत्येक औषधापुढे ४० पासून ८० किलोपर्यंतचे दर. नव्या मुली आधी हाताने हिशोब करतात आणि मग तक्त्याशी जुळवतात, याच क्रमानं. तक्ता आधी बघितला की हाताचा हिशोब होतच नाही, आणि तक्त्यात नसलेलं वजन आलं की अडतं.

लहान मुलांचा तक्ता वेगळ्या रंगाच्या कागदावर आहे, पातळ प्रमाणाचा, १० ते ३० किलोचा. दहा किलोच्या खालचे रकाने अजून कोरे आहेत. बालरोगतज्ज्ञांशी त्यावर बोलणं चालू आहे, कारण तिथे औषधासोबत पाणी किती जातं हेही मोजावं लागतं. ते ठरेपर्यंत त्या वजनाच्या बाळाचा हिशोब दोन सिस्टर दोन वेगळ्या कागदांवर करतात, कागद समोरासमोर ठेवतात, आणि डॉक्टरांची सही झाल्यावरच पंप सुरू होतो.